नदीकडचं दार, किंवा वाडा राखायचा म्हणजे नक्की काय राखायचं?

ओसरीवरची (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

आमचा वाडा पुण्यात नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. "आमचा" म्हणजे कागदोपत्री अकरा जणांचा. सासरे गेले तेव्हा सात नावं होती, मग पुढची पिढी चढली. दोन चौक, पुढचा अजून उघडा, मागच्यावर पत्रा. भाडेकरू तीन. त्यातले एक वारज्याला राहतात, पण दर दसऱ्याला येऊन कुलपावर तोरण बांधून जातात. ताबा आहे हे दिसायला हवं ना.

गेल्या महिन्यात एक बिल्डर येऊन गेला. मोठे दीर म्हणाले, आता पुरे. जाऊबाई दोन दिवस गप्प होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मी गेल्यावर काय तो धिंगाणा घाला." माझी मुलगी आर्किटेक्चरला आहे, ती म्हणते राखूया. राखूया म्हणजे काय करायचं, असं मी विचारलं तर तिला सांगता येईना. खरं तर मलाही सुचेना.

विश्रामबागवाडा, नानावाडा, केसरीवाडा मला माहीत आहेत, ते पाहायला जायचे वाडे. ज्यात सकाळी कुकरच्या शिट्ट्या होतात असा धड राखलेला वाडा या नदीकाठच्या पेठांत कुणी पाहिलाय का? राहिलाय का? त्रास काय होतो?

आणखी एक गंमत. मागच्या चौकात नदीकडच्या भिंतीत गिलाव्याखाली एक कमान जाणवते. तिच्यापुढे सासऱ्यांचं लोखंडी कपाट आहे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून हललेलं नाही. तिथे दार होतं म्हणतात. कुणाच्या घरी असं काही आहे का?

बोळातला_बंड्या (रात्री ९:१८)

रुमाल टाकून ठेवतो. बाकी अकरा वारस म्हणजे क्रिकेटची टीम झाली, भाडेकरू तीन म्हणजे दोन पंच आणि एक तिसरा पंच.

पेठकर_मूळचे (रात्री ९:४१)

"नदीकाठची पेठ" हे वाचूनच हसू आलं. मी शनिवारात वाढलो. नदी घरापासून तीन मिनिटांवर, पण ती आठवायची फक्त दोनदा: गणपतीला आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की. तेव्हाही बघायला जायचो ते पुलावरून. आमच्या डोक्यात नदी ही "पलीकडे डेक्कन" एवढीच होती.

चुनखडी (रात्री १०:०५)

ओसरीताई, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी वाडा उभा कशावर आहे ते बघा. खाली दगडी जोतं, त्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर हस्त (लाकडी आधार) आणि तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत). भार सगळा लाकडावर. मधल्या भिंती पांढऱ्या मातीत रचलेल्या विटांच्या, त्या नुसत्या भरायला असतात. म्हणून खांब धड असतील तर भिंत पडली तरी वाडा उभा राहतो. पण एका खांबाचा तळ कुजला की भिंतीला भेग नसतानाही वरचा मजला बसतो.

आता नेहमीचा घोळ. सत्तर-ऐंशीच्या दशकात कुणीतरी हौसेने आतून सिमेंटचा गिलावा करून घेतलेला असतो. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही. ओल आत अडकते, भिंतीत बुजलेल्या खांबापर्यंत जाते, आणि मग वाळवीला आमंत्रण द्यावं लागत नाही. खांबावर टिचकी मारून बघा. भरीव आवाज आला तर छान. भोपळ्यासारखा आला तर मला लिहा.

क्रम असा ठेवा: सगळ्यात आधी छप्पर. कौलं उतरवून परत शाकारून घ्या, पन्हळी मोकळ्या करा. मग मागच्या चौकावरचा पत्रा काढा. चौक म्हणजे वाड्याचं नाक आहे, तुम्ही ते दाबून धरलंय. मग गिलावा. चुना भिजवून मुरवावा लागतो, त्यात गूळ, हिरडा, ताग घालतात, घाई चालत नाही. हे करणारे गवंडी अजून मिळतात, पण ते तुमच्या तारखेला येत नाहीत, त्यांच्या तारखेला येतात.

कुकरवाला वाडा? आहेत. मी स्वतः दोन केलेत. मालकांनी नावं सांगू नका म्हटलंय, कारण रविवारी कॅमेरे घेऊन लोक दारात उभे राहतात.

दोन_खणांतला (रात्री ११:२०)

सगळं वाचलं. गूळ, हिरडा, चौकाचं नाक. छान आहे.

मी अशाच एका वाड्यात बावीस वर्षं काढली, भाडेकरूचा मुलगा म्हणून. दोन खण, सहा माणसं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, पाच-सहा फूट. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, एक झरोका होता, तोही मालकांच्या न्हाणीघराकडे. बिऱ्हाडं नऊ, संडास दोन, मागच्या चौकात. माझी बहीण रात्री पाणी प्यायची नाही. का, ते समजून घ्या.

छप्पर गळायचं तेव्हा वडील मालकांकडे जायचे. मालक म्हणायचे, या भाड्यात कौलं येतात का? वडिलांकडे त्याला उत्तर नव्हतं, कारण भाडं खरंच हास्यास्पद होतं. दोघंही बरोबर होते आणि आम्ही पातेली मांडून झोपायचो.

वाडासंस्कृती म्हणून गहिवरणारे बहुतेक दर्शनी भागात राहिलेले असतात. राग नाही. पण "राखूया" म्हणताना कोणासाठी, हे एकदा लिहा.

बोळातला_बंड्या (रात्री ११:२४)

यावर विनोद करणार नाही. +१.

कायद्याचं_बोला (मंगळवार, सकाळी ७:५०)

दोघंही बरोबर होते, कारण कायदा तसा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला, त्यात दर वर्षी ४ टक्के वाढ मिळते. भाडं ८५ रुपये असेल तर वाढ तीन रुपये चाळीस पैसे. त्यात एक कौलही येत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही, आणि दोघंही वाडा आपोआप पडायची वाट बघतात.

ओसरीवरची, दिरांना एक सांगा. वाडा पडला किंवा पालिकेने धोकादायक ठरवून उतरवला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय. तोरणवाल्यांना धरूनच पुढे जावं लागेल.

दुसरं, अकरा सह्यांचं. अकरावी सही नेहमी परदेशात असते.

अकरावी_सही (सकाळी ८:३०)

अहो, हे अगदी मलाच बोललात. मी अमेरिकेत असतो, सदाशिवातल्या एका वाड्यात माझा एक चौदांश हिस्सा आहे. हे नाव आत्ताच घेतलं.

दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटन म्हणून गाव आहे, मी तिथे काही वर्षं होतो. समुद्राला लागून जुन्या घरांची अख्खी वस्ती, लाकडी सज्जे वगैरे. १९३१ पासून तिथे जुन्या वस्तीसाठी वेगळे नियम आहेत. रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाला हात लावायचा तर मंडळाची परवानगी लागते. एकेक घर नाही, वस्तीच राखायची, अशी कल्पना. लोक त्यात राहतात. आपल्याकडे का होत नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दोन_खणांतला (सकाळी ८:४४)

तिथली साधी माणसं आता कुठे राहतात, तेही बघून आलात का?

अकरावी_सही (सकाळी ९:०२)

रास्त प्रश्न. किमती इतक्या चढल्या की बरेच जुने रहिवासी गावाबाहेर गेले. खरं आहे. आणि तिथेही पूर येतो, भरतीचं पाणी रस्त्यावर चढतं. म्हणजे अगदीच परका विषय नाही.

पेठकर_मूळचे (सकाळी ९:१५)

दगडी पुलाला "लकडी पूल" आणि शंभरी गाठलेल्या पुलाला "नवा पूल" म्हणणारं हे गाव. तुम्ही इथे दर्शनी भागाला हात लावायला परवानगी मागायला सांगताय. आधी पाट्यांना परवानगी लागेल, आणि पहिली पाटी असेल: "परवानगी आहे का असे विचारू नये."

भिंतीत_अडकलेली_वीट (सकाळी १०:३०)

अवांतर होईल, पण भिडेवाड्याचं लिहायचं राहिलं. सावित्रीबाई-जोतिबांची १८४८ ची मुलींची शाळा. किती वर्षं कोर्टात, भाडेकरू, दुकानं, वाद. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी वाडाच उतरवला. मला स्मारक हवंच आहे. पण ज्या जिन्यावरून त्या पोरी चढल्या असतील तो गेला, हे मनातून जात नाही.

चुनखडी (सकाळी ११:००)

तो शेवटी इतका खिळखिळा झाला होता की उतरवण्यावाचून गत नव्हती, असं माझं मत. ती गत यायला जी वर्षं लागली तिथे दुखतं.

नवमाध्यमिक_काका (दुपारी ३:२५)

ओसरीवरची ताई, तुमच्या कमानीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझं वय ७६. आमचं घर शनिवारात, अमृतेश्वराच्या अंगाला.

नदीकाठच्या पुष्कळ घरांना मागचं दार होतं. आईचं सगळं त्या दारातून चालायचं. धुणं, कार्तिकातलं स्नान, सोमवारी ओंकारेश्वर. पाहुणे पुढून यायचे, पण नदीकडचे शेजारी मागून. मोठं दार दिवेलागणीला लागायचं आणि त्यातल्या छोट्या दारातून, दिंडीतून, वाकून जावं लागायचं. मागच्या दाराला असला रुबाब नव्हता, पोरं दिवसभर आतबाहेर.

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत धरण फुटल्याची बोलवा आली. अशा बोलवा दोन दिवस चालूच होत्या, वडील म्हणाले पूर काय दर वर्षी येतो. मग मागच्या दाराच्या उंबऱ्याखालून पाणी आलं. धो धो नव्हे, कुणी बादली कलंडल्यावर येतं तसं, तपकिरी. आईने पोतं लावलं. पोतं भिजेपर्यंत पाणी तळखड्याच्या वर होतं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी लक्ष्मी रस्त्याकडे मामांकडे निघालो. खडकवासला धरणही गेल्याचं नंतर कळलं. लकडी पुलावरून पाणी गेलं.

दोन दिवसांनी परत आलो. चुनखडी यांनी जे लिहिलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खालच्या मजल्याला भिंती नव्हत्या, मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. खांब सगळे उभे. मागच्या बोळातून थेट पुढचा रस्ता दिसत होता. देवघराच्या तुळईला लामणदिवा तसाच लटकत होता आणि देवघर नव्हतं. तो वास अजून आठवतो, तो लिहिता येणार नाही.

वर्षभराने भिंती परत झाल्या. मागचं दार मात्र आईने बुजवून घेतलं. वडील म्हणाले, हवा जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. आमच्या ओळीतली चार-पाच दारं त्या दोन-तीन वर्षांत बुजली. ज्यांचं सगळंच गेलं ते गोखलेनगर, लोकमान्यनगरला गेले.

तेव्हा तुमच्या कपाटामागे काय आहे, ते मला बरंचसं ठाऊक आहे असं वाटतं.

ओसरीवरची (दुपारी ४:०२)

काका, ऑफिसात वाचलं. नंतर लिहिते.

कसब्याचा (संध्याकाळी ६:१०)

काकांना दंडवत.

मी कसब्यातला, तांबट आळीच्या जवळ. आमच्याकडे सकाळ ठोक्यांच्या आवाजाने होते. काही घरांत अजून खाली काम, वर बिऱ्हाड. हेही राखलेलं घरच म्हणायचं ना? खांबांना नक्षी नाही, छताच्या फळ्यांची तक्तपोशी काळी पडलेली, पण वापर तोच आहे. वारसा बघायला येणारे भांडी ठोकतानाचे फोटो काढतात, वर बघत नाहीत.

मेट्रोतली_खिडकी (संध्याकाळी ७:३५)

डेक्कन ते संभाजी उद्यान मेट्रोतून जाताना पेठांच्या बाजूला बसा. मेट्रो नदीपात्राच्या कडेने जाते, म्हणजे पेठांची पाठ दिसते. मी रोज बघते. संडासाचे पाइप, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, मधेच एखादी घडीव दगडांची भिंत. एकाही घराचं तोंड नदीकडे नाही. काकांचं वाचल्यावर आज पहिल्यांदा बुजवलेल्या चौकटी शोधल्या. दोन सापडल्या, किंवा मला तसं वाटलं.

कायद्याचं_बोला (रात्री ८:२०)

नदीचा विषय निघालाच आहे तर, ओसरीवरची, बिल्डरने पूररेषेबद्दल काय सांगितलं? निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत नवीन बांधकाम जवळजवळ होत नाही. दोन्हींच्या मध्ये असाल तर जोतं उंच घेणं वगैरे अटी येतात. आधी नकाशावर वाडा कुठे पडतो ते बघा, मग त्याने दाखवलेल्या मजल्यांची स्वप्नं. वारसा वास्तूंच्या यादीत वाड्याचं नाव आहे का, कुठल्या श्रेणीत, तेही पालिकेत विचारा. श्रेणीप्रमाणे किती हात लावता येतो ते बदलतं.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला सोसायट्यांत पाणी शिरलं, ते विसरू नका. तिथे मातीच्या भिंती नव्हत्या, तळघरात गाड्या होत्या.

बोळातला_बंड्या (रात्री ८:३१)

मेणवलीला जाऊन या सगळे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा टांगलेली. वाड्यातून उतरलं की थेट पाणी. नदीकडचं दार उघडं असलं की काय दिसतं ते कळेल. येताना वाईला जेवून या. झालं माझं अवांतर.

पेठकर_मूळचे (रात्री ९:००)

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरलात तर पेठांमधले वाडे तुकड्यातुकड्यांनी राखलेले दिसतील. कड्या, बिजागऱ्या, कोरीव हस्त. माझ्या मित्राच्या कोथरूडच्या हॉलमध्ये एक दिंडी दरवाजा आहे, मागे टीव्ही. विचारलं कुठला, तर म्हणाला "वाड्याचा". कुठल्या, ते त्यालाही माहीत नाही.

दोन_खणांतला (रात्री ९:४८)

काल जरा तिरकं लिहिलं. काकांचं वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, आमच्या वाड्यातही मागे दार होतं, आणि संडास त्या दाराच्याच जागी बांधले होते पुरानंतर. बावीस वर्षं तिथे रांगेत उभा राहिलो, पत्ता नव्हता.

ओसरीवरची, ठेवणार असाल तर एक सूचना. पैसे आधी संडास-न्हाणीघराला, प्रत्येक बिऱ्हाडाला आत. नक्षी नंतर. आणि तोरणवाल्यांना जेवायला बोलवा, नोटीस नको.

चुनखडी (रात्री १०:१५)

हे मी व्यवसायाने सांगतो: दोन_खणांतला यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त संडास लाकडी मजल्यावर घेताना खालची तुळई आधी दाखवा. मी केलेल्या दोन वाड्यांपैकी एकात हेच चुकलं होतं. चूक माझी होती. पुढच्या वर्षी कडीपाट सोलून परत करावा लागला.

ओसरीवरची (रविवार, दुपारी १:४०)

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

आज सकाळी कपाट हलवलं. दीर, मुलगा, दोन पुतणे, आणि हो, तोरणवाले काका. त्यांना जेवायला बोलावलं होतं, ते तासभर आधीच आले. म्हणाले, हे कपाट वर चढवायला तुझ्या सासऱ्यांना मीच हात दिला होता.

मागे गिलावा निघाला. चुनखडीदादा, टिचकी मारावीच लागली नाही, बोट लावलं तेवढा पोपडा खाली आला. आत विटा, त्याही बाकीच्या भिंतीहून वेगळ्या, भाजक्या आणि घाईत रचलेल्या. वरच्या दोन ओळी काढल्या तेव्हा लाकूड दिसलं. दार काढलंच नव्हतं! तसंच बंद करून पुढे विटा लावल्या होत्या. बाजूच्या खांबावर कपाळाच्या उंचीला एक आडवी तपकिरी रेघ आहे, माझ्या नव्हे, दिरांच्या कपाळाच्या. सासूबाईंना खुर्चीत बसवून आणलं. त्यांनी रेघेला हात लावला नाही, फक्त म्हणाल्या, "कडी डाव्या हाताला आहे, वर उचलून ओढायची."

कडी डाव्या हाताला होती. ओढली तर तिचा कोयंडाच हातात आला. खालची बिजागरी गंजून तुकडे झालीय. दार चार बोटं उघडलं. फटीतून शेजारच्या इमारतीचं पार्किंग दिसलं, एक पांढरी स्कूटर, आणि वाकून बघितलं तर झाडांच्या वर मेट्रोचा खांब. पाणी नाही दिसलं. वास आला.

मोठे दीर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पूररेषेचा नकाशा बघून येतो, तोवर बिल्डरला थांबायला सांगा. ठेवणार की नाही ते ठरलेलं नाही, ठरलं की लिहीन. मुलीने सगळ्या खांबांची मापं घ्यायला घेतलीत. तोरणवाले काका तिला टेप धरून देतायत आणि त्यांच्या बिऱ्हाडाचा एक खण जास्त भरतो म्हणून वाद घालतायत.

तोवर ते दार नीट लागायला हवं, रात्री मांजरं येतील. कसब्याचा, तुमच्या तांबट आळीत जुन्या पद्धतीची बिजागरी कोण घडवून देईल?

कसब्याचा (दुपारी २:०५)

ओसरीताई, तांबट तांब्याचं करतात. बिजागरीला लोहार लागतो. तुटकी घेऊन या, मापाला. आणि मांजरांसाठी तूर्त पोतं लावा.